बेसमेंट पार्किंगमधले विषारी गॅस आणि गॅस डिटेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसमेंटमधली हवा, सीओ, डिटेक्टर, फॅन यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी केलेत. आधी साधे, मग अवघड. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, घाईत असाल तर प्रश्न ११ आधी वाचा.

१. बेसमेंट पार्किंगमध्ये नक्की कुठल्या गॅसची काळजी करायची?

पहिला नंबर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओ. पेट्रोल अर्धवट जळलं की तो तयार होतो. डिझेलच्या गाड्या जास्त येत असतील तर नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे एनओटू. सीएनजी किंवा एलपीजीच्या गाड्या असतील तर टाकी नाहीतर जॉइंटमधून गळतीची शक्यता, तिथे विषापेक्षा आगीची आणि स्फोटाची भीती मोठी. पेट्रोल गळलं तर त्याची वाफ जमिनीलगत साचते. याशिवाय बॅटरी चार्जिंगचा हायड्रोजन (प्रश्न १२) आणि ड्रेनेजच्या खड्ड्यातला हायड्रोजन सल्फाइड (प्रश्न १७).

एकच डिटेक्टर हे सगळं ओळखतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. सीओच्या सेन्सरला एलपीजीची गळती कळत नाही आणि ज्वलनशील गॅसचा सेन्सर जागा होईपर्यंत सीओने माणूस कधीच आडवा झालेला असतो, कारण सीओ पेट घ्यायला हवेत साडेबारा टक्के लागतो आणि माणसाला त्रास द्यायला टक्क्याचा अगदी लहानसा अंश पुरतो.

२. वास येत नाही, धूर दिसत नाही, मग हवा ठीकच ना?

नाही. सीओला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गाडीच्या धुराचा जो वास आपण ओळखतो तो त्यातल्या बाकीच्या पदार्थांचा असतो. एलपीजी आणि सीएनजीला मुद्दाम वास घातलेला असतो त्यामुळे तिथे नाक थोडं उपयोगी पडतं, पण नाकाला वासाची सवय होते आणि दिवसभर तिथे बसणाऱ्याला तो जाणवेनासा होतो.

३. सीओ बाधल्याचं कसं ओळखायचं?

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा सीओला साधारण २०० ते २५० पट जास्त घट्ट धरतं, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवात डोकं जड होण्यापासून, मग गरगरणं, मळमळ, हातापायातलं बळ गेल्यासारखं, गोंधळल्यासारखं होणं, पुढे बेशुद्धी. लोक याला पित्त, थकवा, फ्लू समजून सोडून देतात. ओळखायच्या खुणा अशा की ताप नसतो, एकाच जागी असलेल्या दोघातिघांना एकदम त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटायला लागतं.

एक गोष्ट मला ठळकपणे सांगायचीय. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि सीओ धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस धोक्यात असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून त्याला घरी पाठवू नका, हॉस्पिटलमध्ये न्या आणि सीओचा संशय आहे हे स्पष्ट सांगा म्हणजे ते रक्ताची वेगळी तपासणी करतील. साध्या हवेत रक्तातला सीओ निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास, म्हणून लवकर नेण्याला अर्थ आहे. गरोदर बाई, लहान मूल, हृदयविकार असलेला माणूस असेल तर थोडाही त्रास हलका घेऊ नका.

एनओटूचं वेगळं आहे, तो फुप्फुसावर हल्ला करतो आणि जोराचा त्रास कधीकधी काही तासांनी उफाळतो, तोवर माणूस ठीक दिसतो.

४. किती पीपीएमपर्यंत चालतं?

पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागात किती भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनानुसार घरातल्या-इमारतीतल्या हवेत सीओ आठ तासांच्या सरासरीने साधारण ९ पीपीएम, एका तासासाठी साधारण ३० आणि १५ मिनिटांसाठी साधारण ८७ च्या आत असावा. कामगारांसाठीच्या मर्यादा वेगळ्या, कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही संस्था पूर्ण पाळीसाठी ३५ सांगते आणि २०० च्या वर एक क्षणही नको म्हणते. १२०० ला जागा जिवाला तात्काळ धोकादायक मानतात. ४०० पीपीएमला एक-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं आणि त्याच हवेत तीन तास काढले तर जीव धोक्यात, १२८०० पीपीएमला खेळ काही मिनिटांचा.

एनओटू याहून फार कमी प्रमाणात बाधतो. तिथे १ पीपीएम हाच थोड्या वेळासाठीचा आकडा धरतात आणि जिवाला तात्काळ धोका १३ पीपीएमला. सीओचे आकडे डोक्यात ठेवून एनओटूचं मीटर वाचू नका, "फक्त ५ तर आहे" असं म्हणणारे मी पाहिलेत.

५. आमचा रॅम्प उघडाच आहे, हवा येत-जात असते, तरी डिटेक्टर लागेल का?

दोन समोरासमोरच्या बाजू मोकळ्या असतील तर हवा खेळती राहते. एकच रॅम्प म्हणजे एकच तोंड, बाटलीसारखं, आतल्या टोकाची हवा हलत नाही. आणि रॅम्पवरच गाड्या चढताना जास्त धूर सोडतात, तो उलट आत ढकलला जातो. कायदा काय सांगतो ते तुमच्या भागातल्या बांधकाम आणि अग्निशमन नियमात बघा, पण जमिनीखाली बंदिस्त जागा असेल तर माझं उत्तर हो असंच आहे.

६. सेन्सर किती उंचीवर लावायचा? एकजण म्हणतो जमिनीजवळ, एक म्हणतो छताला.

दोघंही बरोबर असू शकतात कारण ते वेगवेगळ्या गॅसबद्दल बोलत असतील. सोपा हिशोब असा की हवेच्या रेणूंचं सरासरी वजन २९ धरा आणि गॅसच्या रेणूचं वजन त्याच्याशी ताडून बघा.

सीओ २८, म्हणजे जवळजवळ हवेइतकाच, तो सगळीकडे मिसळतो. त्याचा सेन्सर माणसाच्या नाकाच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर. सीओ जड असतो आणि खाली बसतो ही समजूत खूप पसरलेली आहे, ती चुकीची आहे.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, वजन १६, वर जातो. सेन्सर छताजवळ, ३० सेंटिमीटरच्या आत. इथे चूक कुठे होते तर छताला बीम असतात आणि दोन बीमच्या मधल्या खणात गॅस साचतो पण सेन्सर बीमच्या खालच्या कडेला लावलेला असतो, खण भरून वाहायला लागेपर्यंत त्याला पत्ताच नाही.

एलपीजी म्हणजे प्रोपेन ४४ आणि ब्युटेन ५८, पाण्यासारखा खाली वाहतो, उतारावरून खालच्या मजल्याकडे, गटारात, लिफ्टच्या खड्ड्यात. सेन्सर जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत, पण तिथे टायरचा मार, पाण्याचा फवारा आणि झाडू या सगळ्यापासून वाचवायला लोखंडी जाळीचं कव्हर घाला. पेट्रोलची वाफ याहून जड, तिच्यासाठीही खालचीच जागा.

एनओटूवर मतभेद आहेत. वजन ४६ म्हणजे हवेपेक्षा जड, पण तो गरम धुराबरोबर बाहेर पडतो आणि गरम धूर वर जातो, म्हणून काही कंपन्या छताजवळ लावायला सांगतात, काही नाकाच्या उंचीला. माणसं जिथे श्वास घेतात तिथली हवा मोजणं मला जास्त पटतं, पण त्या सेन्सरच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते पाळा कारण कंपनीची हमी त्यावरच असते.

७. किती सेन्सर लागतील आणि नेमके कुठे?

एक सेन्सर साधारण १५ मीटर त्रिज्येचा भाग सांभाळतो असं बऱ्याच कंपन्या धरतात, म्हणजे ७०० चौरस मीटरच्या आसपास. हा आकडा मोकळ्या हॉलसाठी आहे. भिंती, पार्टिशन, खोल कोपरे असतील तर प्रत्येक कप्प्याला वेगळा सेन्सर हवा.

आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. बाहेर पडताना गाड्या जिथे रांगेत इंजिन चालू ठेवून थांबतात तिथे एक हवाच. लिफ्ट आणि जिन्याच्या दाराजवळ एक (का ते प्रश्न १९ मध्ये). अटेंडंटच्या केबिनजवळ एक. फॅनची हवा पोचत नाही अशा मागच्या कोपऱ्यात एक, आणि तो कोपरा शोधायला उदबत्तीचा धूर पुरेसा आहे, धूर जिथे तसाच तरंगत राहतो ती जागा (एलपीजी-सीएनजीच्या गाड्या असतील तिथे पेटती वस्तू नेऊ नका, दोऱ्याला बांधलेला पातळ कागद धरा).

लावू नये अशा जागा म्हणजे ताजी हवा आत येते त्या डक्टच्या तोंडासमोर, कारण तिथे सेन्सर कायम बाहेरचीच हवा मोजतो, आणि उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या अगदी समोर, कारण तिथे रोज सकाळी उगाच वाजतो आणि मग लोक त्याची वायर काढून ठेवतात.

८. घरात लावायचा छोटा सीओ अलार्म लावला तर चालेल का? खूप स्वस्त पडतो.

नाही चालत. तो झोपलेल्या माणसाला वाचवायला बनवलेला आहे आणि मुद्दाम उशिरा वाजतो. अमेरिकी मानकानुसार बनलेला घरगुती अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतो, १५० ला १० ते ५० मिनिटांनी आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांनी. पार्किंगमध्ये आपल्याला ३० पीपीएमच्या आसपासच फॅन चालू करायचा असतो, त्या पातळीला हा गप्प बसणार. फॅनला जोडायची सोय बहुतेक घरगुती अलार्मला नसते, आणि ते धूळ, ओल, उन्हाळा-हिवाळा यासाठी बनलेले नसतात. पार्किंग आणि बोगद्यांसाठी युरोपात ईएन ५०५४५ असं वेगळं मानक आहे, खरेदी करताना अशा कामासाठीचं प्रमाणपत्र मागा.

९. फॅन चोवीस तास चालूच ठेवले तर डिटेक्टरची गरजच काय?

खरंच चोवीस तास पूर्ण जोरात चालणार असतील तर हवा चांगलीच राहील. पण तसं होत नाही, वीजबिल येतं आणि कोणीतरी टायमर लावतं, मग तासाला दहा मिनिटं, मग फक्त सकाळ-संध्याकाळ, मग आवाजाची तक्रार येते आणि बंदच. डिटेक्टर असेल तर फॅन गरजेपुरता चालतो. आणि पंख्याचं गणित आपल्या बाजूचं आहे, वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती साधारण आठव्या भागावर येते, म्हणजे कायम हळू चालवून गरज पडली की जोर वाढवणं हे चालू-बंद करण्यापेक्षा परवडतं.

जोडणी करताना एक अट घाला. सेन्सर बिघडला, वायर तुटली किंवा पॅनल (सगळ्या सेन्सरचे आकडे दाखवणारी पेटी) बंद पडला तर फॅन आपोआप चालू झाला पाहिजे. उलटी जोडणी केलेली असते तेव्हा सेन्सर मेला की फॅनही गप्प होतो आणि कोणाला कळतही नाही.

१०. सेटिंग किती ठेवायची?

सीओसाठी बहुतेक ठिकाणी २५ ते ३५ पीपीएमला फॅन चालू आणि १०० च्या आसपास भोंगा असं ठेवतात. एनओटूला १ च्या आसपास फॅन आणि ३ च्या आसपास भोंगा. सीएनजी-एलपीजीचं मोजमाप वेगळं असतं, हवेत गॅस किमान किती असला की पेट घेतो त्याच्या किती टक्के झालंय ते बघतात. ही किमान मर्यादा मिथेनला हवेच्या सुमारे ५ टक्के, प्रोपेनला सुमारे २ टक्के, आणि अलार्म त्या मर्यादेच्या १० ते २० टक्क्यांवरच वाजवतात, म्हणजे हातात वेळ राहतो. स्थानिक नियमात वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

११. भोंगा वाजला, आता काय करायचं?

आधी कुठल्या गॅसचा भोंगा आहे ते पॅनलवर बघा कारण विषारी गॅस आणि पेट घेणारा गॅस यांच्या वेळी वागायची पद्धत वेगळी आहे.

सीओ किंवा एनओटू असेल तर सगळ्यांनी चालत बाहेर, गाडीत बसून बाहेर पडायचा मोह नको, दहा जणांनी एकदम इंजिन चालू केलं की परिस्थिती हाताबाहेर जाते. चालू इंजिन हाताशी असेल तर बंद करा. लिफ्टऐवजी जिना घ्या. फॅन आपोआप चालू झाला नसेल तर बाहेरच्या किंवा वरच्या स्विचने चालू करा. कोणी पडलेला दिसला आणि तुम्हाला स्वतःला गरगरत असेल तर आत जाऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा, त्यांच्याकडे स्वतःची हवा असते.

एलपीजी किंवा सीएनजी असेल तर कुठलंच बटण दाबू नका, दिवा लावू नका आणि बंदही करू नका, गाडीचं रिमोट नको, फोन बाहेर पोचल्यावर. साधा फॅनसुद्धा ठिणगी टाकू शकतो, म्हणून अशा पार्किंगमध्ये फॅन स्फोटरोधक नसतील तर ते हाताने चालू करायचे नाहीत. हे आधीच ठरवून पॅनलशेजारी मोठ्या अक्षरात लिहून लावा, भोंगा वाजत असताना कोणी मॅन्युअल उघडत नाही.

परत आत जायचं ते मीटरवर आकडे खाली आल्यावर, भोंगा थांबला म्हणून नाही. भोंगा कोणीतरी बटण दाबूनही थांबवलेला असू शकतो.

१२. आमचा डिटेक्टर सारखा खोटा वाजतो, काय करावं?

आधी तो खरंच खोटा आहे का ते बघा. थंड इंजिनचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) तापेपर्यंत सीओ अडवत नाही, म्हणून सकाळी वीस गाड्या एकदम निघतात तेव्हा पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत खरा सीओ चढतो. रोज त्याच वेळी वाजत असेल तर तो बरोबर वाजतोय.

वेळीअवेळी वाजत असेल तर दुसरे गॅस शोधा. सीओचा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर (आतल्या रासायनिक क्रियेने गॅस मोजणारा) हायड्रोजनलाही दाद देतो, आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यामुळे यूपीएसची खोली किंवा फ्लोअर साफ करायचं मशीन शेजारी चार्ज होत असेल तर पॅनलवर सीओ दिसतो. अशा वेळी सेन्सर हलवून प्रश्न मिटवू नका, हायड्रोजन ४ टक्क्यांपासून पेट घेतो, त्या खोलीला वेगळी हवा द्या. रंगकाम, थिनर, स्पिरिट, फरशी पुसायची काही रसायनं यांनीही आकडा हलतो. रंगकामाच्या दिवशी सेन्सरवर पिशवी बांधतात आणि ती महिनोन् महिने तशीच राहते, मी स्वतः अशी पिशवी काढलीय, आत सेन्सर अगदी धडधाकट होता. बांधायचीच असेल तर कधी काढणार आणि कोण काढणार ते लिहून ठेवा, आणि तेवढे दिवस फॅन सतत चालू ठेवा.

१३. कॅलिब्रेशन दरवर्षी करावंच लागतं का? आम्ही गाडीचा सायलेन्सर धरून टेस्ट करतो.

सायलेन्सरने करू नका. तापलेल्या नव्या गाडीतून इतका कमी सीओ येतो की चांगला सेन्सरही हलणार नाही, आणि जुन्या गाडीतून इतका काजळी-वाफेचा मारा होतो की सेन्सर खराब होतो. लायटरचा गॅस सोडून ज्वलनशील गॅसचा सेन्सर तपासणं हेही तसंच, त्याला झेपेल त्यापेक्षा फार जास्त गॅस एकदम मिळतो आणि त्याचं मोजमाप बिघडतं.

दोन वेगळी कामं आहेत. बंप टेस्ट म्हणजे माहिती असलेला गॅस थोडा सोडून सेन्सर जागा होतो का आणि भोंगा-फॅनपर्यंत निरोप पोचतो का एवढं बघणं. कॅलिब्रेशन म्हणजे ठरावीक प्रमाणाच्या सिलिंडरमधल्या गॅसशी, सीओसाठी बहुधा १०० पीपीएमच्या, आकडा जुळवणं. पहिलं दर तीन महिन्यांनी तरी, दुसरं सहा ते बारा महिन्यांनी. करणाऱ्याकडून आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून घ्या. "चेक केलं, ओके" एवढंच लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नाही.

१४. सेन्सर किती वर्षं टिकतो?

सीओचे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर दोन-तीन वर्षांपासून चांगल्या प्रतीचे सहा-सात वर्षांपर्यंत, ज्वलनशील गॅसचे कॅटॅलिटिक सेन्सर (आत थोडा गॅस जाळून मोजणारे) तीन ते पाच. आतली रसायनं वापर नसला तरी संपतात, म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून जुना स्टॉक घेऊ नका, उत्पादनाची तारीख बघा. सिलिकॉनचे स्प्रे आणि सीलंट कॅटॅलिटिक सेन्सरला कायमचे मारतात.

१५. स्मोक डिटेक्टर आहेतच, ते सीओ पकडत नाहीत का?

नाही. ते धुराचे कण पकडतात, सीओ हा कण नाही.

१६. सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की हे सगळं काढून टाकायचं का?

रोजच्या धुराचा त्रास खूप कमी होईल हे खरंय. पण लिथियम बॅटरी आतून तापून बिघडली तर तिच्यातून हायड्रोजन, सीओ, ज्वलनशील वाफा आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक गॅस निघतात, आणि हे आग दिसण्याच्या आधीही सुरू होऊ शकतं. त्यामुळे चार्जिंगच्या जागेजवळचा सीओ सेन्सर एकदम चढला आणि आसपास एकही इंजिन चालू नसेल तर ती बॅटरीची सूचना समजून माणसं बाहेर काढा. पांढरट धूर फुसफुसताना दिसला तर बघायला जवळ जाऊ नका. मात्र सीओ सेन्सर म्हणजे आग ओळखायची यंत्रणा नव्हे, ती वेगळी लागतेच.

१७. बेसमेंटमधला ड्रेनेजचा खड्डा साफ करायला माणूस उतरवायचाय, पार्किंगचा डिटेक्टर शांत आहे, मग उतरवू का?

नाही, कृपा करून नाही. पार्किंगचा सेन्सर वरची हवा मोजतो, खड्ड्यातली नाही. खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याचा वास येणारा, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं, तेव्हाच तो जीवघेणा असतो. मिथेन असतो, आणि ऑक्सिजन कमी असू शकतो. आधी चार गॅसचं मीटर (ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, सीओ आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारं) दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. गाळ ढवळला की अडकलेला गॅस सुटतो म्हणून एकदा मोजून भागत नाही, मीटर अंगावरच हवं. आणि पहिला पडला म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो आणि सगळे जातात, हे पुन्हा पुन्हा घडतंय. शक्य असेल तर माणूस उतरवूच नका, मशीनने उपसा.

१८. पावसाचं पाणी भरलंय, बेसमेंटमध्ये पेट्रोलचा पंप लावून उपसू का?

पंप बाहेर, पाइप आत. एक छोटं पेट्रोल इंजिन बंद जागेत काही मिनिटांत सीओ जीवघेण्या पातळीला नेऊ शकतं, आणि नेमकं तेव्हा वीज गेलेली असते, फॅन बंद आणि डिटेक्टर पण बंद. जनरेटरलाही हेच लागू, दार-खिडकी उघडी ठेवली म्हणून चालत नाही. पाण्यात बुडालेला सेन्सर सुकवून परत वापरू नका.

१९. बेसमेंटमधला गॅस वरच्या घरांत येऊ शकतो का?

येतो. लिफ्टची विहीर आणि जिना चिमणीसारखे काम करतात, बाहेर थंडी आणि आत उबदार असेल तेव्हा तर जास्तच. लिफ्ट खाली-वर जाताना पिचकारीसारखी हवा ढकलते. लॉबीचं दार आपोआप बंद होणारं असावं आणि त्याला विटा लावून उघडं ठेवू नये. पार्किंगमधून हवा बाहेर ओढणारे फॅन आत ढकलणाऱ्यांपेक्षा किंचित जास्त असावेत म्हणजे पार्किंगची हवा इमारतीत घुसत नाही. खालच्या मजल्यावर रोज सकाळी डोकं दुखतं अशी तक्रार आली तर ती झटकून टाकू नका.

२०. मी अटेंडंट आहे, बारा तास खालीच असतो, माझ्यासाठी काय?

गाडीवाला खाली पाच मिनिटं असतो, तुम्ही दिवसभर, आणि सगळ्या मर्यादा वेळेवर मोजतात. प्रश्न ४ मधला आठ तासांचा आकडाही तुम्हाला कमी करूनच धरायला हवा. तुमची केबिन बंदिस्त असावी आणि तिच्यात बाहेरची ताजी हवा पंख्याने आत ढकललेली असावी, पार्किंगमधलीच हवा फिरवणारा टेबल फॅन काही कामाचा नाही. कपड्याचा किंवा साधा मास्क सीओ थांबवत नाही. खिशाला अडकवायचं सीओ मीटर मागा, हे मागणं तुमचा हक्क आहे. आलटून पालटून वर यायची सोय असावी. आणि थंडीत इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीत झोपू नका, कितीही दमला असाल तरी.

२१. आमच्या पॅनलवर कायम शून्यच असतं, म्हणजे हवा एकदम छान ना?

रात्री दोनला शून्य असेल तर ठीक. सकाळच्या गर्दीत, गाड्या रांगेत उभ्या असताना सुद्धा सगळ्या सेन्सरवर शून्य दिसत असेल तर मला काळजी वाटते. सेन्सर संपलेला असू शकतो, तोंडावर रंग बसलेला असू शकतो, पॅनलमध्ये तो चॅनल बंद करून ठेवलेला असू शकतो. चालू सेन्सर गर्दीत थोडा तरी हलतो, ४, ७, १२ असं काहीतरी. एखाद्या कामाच्या दिवशी गर्दीच्या अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी आकडे लिहून बघा, आणि एकही सेन्सर हलला नाही तर त्याच आठवड्यात बंप टेस्ट करून घ्या (प्रश्न १३).